कोरडा दिवस

"काकू, हे काय वळवळतंय?" वैजंतानं हौदात टॉर्चचा झोत सोडला.

मी घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरून पाणी गाळत होते. शुक्रवार होता. एरवी शुक्रवारी पद्मावतीची पूजा आटोपून बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, यायला मला तासभर जास्त लागायचा. त्या दिवशी मी लवकर परतले होते, कारण घरी सून एकटी होती आणि तिला तिसरा महिना लागला होता.

"जीव आहेत," मी म्हणाले.

"जीव न्हवं काकू, अळ्या हाईत. डासांच्या."

"म्हणजे जीवच की."

वैजंता कांबळे आमच्या गावची आशाताई. दर शुक्रवारी खडू आणि वही घेऊन गल्लीतून फिरायची. पिंपं, रांजण, हौद आठवड्यातून एकदा उपसून, घासून कोरडे करायचे, असा तिच्या खात्याचा नेम होता. कोरडा दिवस म्हणत त्याला. ज्या घरानं तो पाळला त्या घराच्या दारावर ती तारीख घालून लिहायची, 'हौद कोरडा'. मी बस्तीतून येईपर्यंत आमच्या दारावरही ती काहीतरी लिहून गेलेली असायची. सरकारी लिहिणं, आपल्याला त्याचं काय, म्हणून मी ते कधी वाचलं नव्हतं.

आमचा नेम वेगळा. पाणी गाळून झालं की फडकं उलटं धरायचं, वरून गाळलेलं पाणी सोडायचं आणि फडक्यात अडकलेले जीव जिथलं पाणी तिथं अलगद परत पोचवायचे. त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी आडाच्या काठावर बसवून मला ती शिकवली होती. पुढं आड बुजला. नळ आला, त्याला मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी, म्हणून परसात हौद बांधला. नेम तोच राहिला. संयुक्ता सून होऊन आल्यापासून पाण्यात जीव जवळजवळ दिसेनासेच झाले होते. फडकं कोरं निघायचं. बस्तीतल्या बायकांना मी सांगायची, सुनेचा पायगुण. पण गेल्या महिन्याभरात ते पुन्हा दिसू लागले होते.

"संयुक्ता वैनी कुठं हाईत? महिनाभर मी रजेवर हुते, गाठच न्हाई," वैजंतानं विचारलं.

"आत पडलीय. मी तिला घागर-बादलीला हात लावू देत नाही आता."

 वैजंता खडू बोटांत फिरवत राहिली. "म्हंजे पाण्याचं सगळं तुम्हीच बघताय."

"मीच."

"मग ओतूया की हे. मी लावते हात."

"मातीत ओतलं तर तडफडून मरतील."

"बरं, गप्पी मासे देते. पंचायतीत आणून ठेवल्यात. चार सोडले की झालं."

"मासे खातील त्यांना. मी मारलं काय आणि मासा सोडून मारवलं काय."

"मग पुण्य तुमचं आणि ताप आमचा, असंच की वो काकू."

ती हसत म्हणाली. मीही हसले. मी आवाज कधी चढवत नाही, त्यामुळं गावात मला कुणी उलटून बोलत नाही. तेव्हा मला ते चांगलंच वाटायचं.

"मी हौदावर लुगडं बांधते. डास आत जाणार नाहीत," मी म्हणाले.

"आणि आतले भाईर येत्यात, त्यांचं?"

उत्तराची वाट न बघता ती गेली. गाळणं झाल्यावर मी दाराशी आले आणि पहिल्यांदाच ते अक्षर वाचलं. आजची तारीख, खाली 'हौद कोरडा'.

असत्य न बोलण्याचा माझा नेम आहे. पदर ओला करून ते पुसायला कितीसा वेळ लागला असता. पण पुसलं तर वैजंताची वही खोटी ठरणार, वर दर शुक्रवारी ही घासाघीस. आणि लिहिलं तिनं होतं, मी नव्हतं. मी आत गेले.

दहा-बारा दिवसांनी संयुक्ताला कणकण आली. डोळे तांबडे झाले, पाठीवर आणि हातांवर गोवरासारखं पुरळ उठलं. मी धण्याचं पाणी दिलं, उष्णता असेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, ती उठून पापड भाजून मागू लागली. मला हायसं वाटलं. वैजंता मात्र ऐकेना. तिनं आरोग्य केंद्रातून माणूस आणून रक्त घ्यायला लावलं. ते पुण्याला गेलं आणि पंधरवड्यानं निरोप आला, कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांना ताबडतोब भेटा.

त्या मॅडम वयानं लहान होत्या, माझ्या मुलापेक्षाही. सावकाश बोलल्या.

"याला झिका म्हणतात. डासांमुळं होतो. आईला दोन दिवस ताप येतो आणि जातो. पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. मग डोकं लहान राहतं. कधी डोळ्यांवर परिणाम होतो, कधी कानांवर."

"खुंटू शकते म्हणजे खुंटणारच का?" भरतेशनं, माझ्या मुलानं विचारलं.

"नाही. बहुतेक बाळं नीट जन्मतात. तुमचं बाळ त्यांतलं आहे का, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. याला औषध नाही. सोनोग्राफी करत राहायची, डोक्याचा घेर मोजत राहायचा."

"डास कुठला असेल?"

"ते कसं कळणार? हा डास दिवसा चावतो, घराजवळच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. एवढंच सांगता येतं."

 परतताना संयुक्ता गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो काढलाही नाही, धरलाही नाही.

गावात धुराची गाडी आली. गल्लीत आणखी चौघांना तसलाच ताप निघाला होता. आरोग्य खात्याची माणसं घरोघर पाणी बघत फिरली. आमच्या दाराशी आली, खडूचं अक्षर वाचलं. त्यांतला एकजण म्हणाला, "मगदूम काकूंचं घर हाय हे. इथं काय बघायचं." मी उंबऱ्यात उभी होते. ती माणसं समोर किसन लोहाराच्या पंक्चरच्या दुकानात शिरली. त्याचे पंधरा-वीस जुने टायर पावसाच्या पाण्यानं भरलेले होते. ते ट्रॉलीत टाकून नेले आणि त्याला नोटीस दिली.

त्यानंतरचे दिवस मला आजही नीट क्रमानं आठवत नाहीत. माळ हातात घ्यायची आणि कितवा मणी ते विसरायचे. स्वयंपाकघरातून परसात, परसातून सोप्यात. संयुक्ता बसलेली दिसली की वाटायचं, का बसलीय? चालताना दिसली की वाटायचं, का चालतेय? मी मीठ सोडलं, गूळ सोडला, अष्टमी-चतुर्दशीला पाणीसुद्धा सोडलं. आणि रोज सकाळी हौदावरचं लुगडं बाजूला करून पाणी गाळत राहिले, जिवाणी सोडत राहिले. तुम्ही म्हणाल, कळल्यावरही? कळल्यावरच जास्त. घरावर वेळ आलेली, आणि अशा वेळी चाळीस वर्षांचा नेम मोडला तर तो बाळालाच भोवेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं.  फडकं उलटं धरताना डोळे मिटायची.

पाचव्या महिन्यात पहिला नीट घेर मोजला. मॅडमनी दोनदा मोजला.

"थोडा मागं आहे. थोडासाच. पुढल्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी पुन्हा या. तेव्हा वाढ दिसली तर ठीक. नाही दिसली, तर काय ते तुम्हाला लगेच ठरवावं लागेल. कायद्यानं त्यानंतर फार दिवस हातात राहत नाहीत."

काय ठरवायचं, हे घरी कुणी कुणाला विचारलं नाही.

त्या तपासणीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. भरतेश तालुक्याहून परतला होता आणि किसनच्या दुकानासमोर गाडी आडवी लावून उभा होता. किसननं कुठूनतरी आणखी दोन टायर आणून ठेवले होते, त्यांत पाणी.

"तुला नोटीस देऊन कळत नाही? किसन, माझ्या पोराचं डोकं मोजायला चाललोय मी उद्या. तुझ्या या टायरांपायी."

"माझ्याच टायरांपायी कशावरनं?" किसन पाना हातात तसाच धरून म्हणाला. "गल्लीत काय माझ्याच एकट्याकडं पाणी हाय?"

"आमच्या दारावर जाऊन वाच. दर आठवड्याला हौद कोरडा. पाण्याचं सगळं आई स्वतः बघते."

"वाचलंय. म्हणूनच तर तुमच्या घरात कोण शिरलं न्हाई आणि माझं दुकान नागडं केलं."

बघे जमले. कुणीतरी किसनला म्हणालं, लेका, माफी माग आणि मोकळा हो. वैजंता कोपऱ्यावर उभी होती, वही छातीशी धरून. तिनं माझ्याकडं बघितलं. मी दारात होते, आणि ते अक्षर माझ्या खांद्याला लागून होतं. किसननं पाना खाली ठेवला आणि हात जोडले. "चुकलं भरतेशदादा. देवाशपथ, चुकलं."

मी तेव्हाही बोलले नाही.

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. भरतेश दोन घास खाऊन उद्याच्या गाडीचं बघायला गेला. संयुक्ता ताटात भात नुसता चिवडत होती. ती मला आत्ती म्हणते.

"आत्ती, एक विचारू?"

"विचार."

"उद्या डोकं लहानच निघालं, आणि मॅडमनी ठरवा म्हटलं, तर तुम्ही मला अडवाल?"

परसातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. थोड्या वेळानं जेवता येणार नव्हतं, पण दोघींचंही ताटाकडं लक्ष नव्हतं.

"सकाळी विचारलं असतंस तर अडवलं असतं," मी म्हणाले.

"आणि आता?"

"आता मला तो अधिकार नाही. संयुक्ता, हौद कोरडा नव्हता."

तिनं मान वर केली. मी सगळं सांगितलं. वळवळणारे जीव, वैजंतानं देऊ केलेले मासे, मी न पुसलेलं अक्षर. उंबऱ्यातून परतलेली माणसं. आजचे किसनचे जोडलेले हात. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच मऊ होता आणि मला त्या आवाजाचा राग येत होता.

"कधीपासून दिसत होते?" तिनं विचारलं.

"तुला दिवस गेल्यापासून. त्याआधी दोन वर्षं काही नसायचंच. तुझ्या पायगुणानं..."

"पायगुण नव्हता, आत्ती. खराटा होता."

मला कळलं नाही.

"शुक्रवारी तुम्ही पद्मावतीच्या पूजेला जायचा. तेवढ्या वेळात मी हौद उपसायची. तळ घासायची, उन्हात वाळू द्यायची, मग दहाला नळ आला की भरून ठेवायची. वैजंता बादल्या ओतू लागायची. वाळला की मगच ती दारावर लिहायची."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"आणि मला..."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. आणि तुम्ही नको म्हटलं की पुढं बोलता येत नाही. कुणालाच येत नाही, आत्ती."

ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

"घागर उचलू नको म्हणालात, त्याच दिवशी सांगायला हवं होतं," ती पुढं म्हणाली. "चारदा ओठांवर आलं. पण तुम्ही फडकं उलटं धरताना किती जपून धरता, ते बघायची आणि गप्प बसायची. वाटायचं, थोडे महिने तर आहेत, नंतर मी पुन्हा बघीन. ताप आला तेव्हा मला पहिल्यांदा हौदच आठवला. तुमच्यापेक्षा जास्त दिवस मी गप्प आहे."

म्हणजे माझं फडकं कोरं निघत होतं ते असं. ज्या पापाला मी हात लावत नव्हते, ते दर शुक्रवारी ही पोर माझ्या वाटचं करत होती, आणि वर मी बस्तीत तिचा पायगुण मिरवत होते.

"माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं," संयुक्ता म्हणाली.

"तू ठरवशील ते. काहीही ठरवलंस तरी मी तुझ्याबरोबर आत येईन. दाराबाहेर थांबणार नाही."

तिनं पहिल्यांदा ताटावरचा हात काढला. तो माझ्या मनगटावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी बस्तीत गेले नाही. उजाडलं तशी परसात आले, लुगडं सोडलं, पदर खोचला आणि हौद उपसायला लागले. वरचं पाणी नारळाच्या आळ्यात गेलं. साठी जवळ आलेली, कमरेतून कळ निघत होती. शेवटच्या चार-पाच बादल्यांत ते सगळे गोळा झाले होते. फडकं माझ्या खांद्यावर होतं. मी णमोकार मंत्र म्हटला आणि बादली फरशीवर ओतली.

ऊन यायला लागलं होतं. पाणी पसरलं, पातळ झालं. मी आत गेले नाही. त्यांची वळवळ थांबेपर्यंत तिथं उभी राहिले. एवढं तरी बघायला हवं होतं.

वैजंता मागच्या दारानं आली होती, कधी ते कळलं नाही. तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला.

"द्या काकू, तळ मी घासते. तुमास्नी कोल्लापूरला जायाचंय."

"तुझी नोकरी जाईल का गं, मी खरं सांगितलं तर?"

"जाईल न्हाईतर ऱ्हाईल," ती हौदात उतरत म्हणाली. "त्या दिवशी लिवलं तवा तुमच्याम्होरं माझं तोंड चाललं न्हाई. खडू चालला."

मी पदर ओला करून दारावरचं अक्षर पुसलं. मग समोर गेले. किसन दुकानाची फळी काढत होता.

"किसन, दारावर लिहिलेलं खोटं होतं. आमच्या हौदात अळ्या होत्या. काल मी दारात उभी होते आणि बोलले नाही. तुला मी हात जोडू द्यायला नको होते."

भरतेश मागं गाडीपाशी उभा होता. त्यानं ऐकलं. त्याचा चेहरा बघायचं धाडस मला झालं नाही.

किसननं फळी भिंतीला टेकवली.  मग म्हणाला, "माझ्याबी टायरात हुत्याच की अळ्या, काकू. जावा आता. वैनी गाडीत बसल्यात, उशीर नगा करू."

तपासणीच्या खोलीत मी संयुक्ताच्या उशाशी उभी होते. पडद्यावर राखाडी धुकं हलत होतं आणि त्यात एक गोल. मॅडमनी गोलाच्या कडेवर एक खूण केली, मग समोरच्या कडेवर दुसरी. पुसल्या, पुन्हा केल्या. संयुक्तानं माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की माझी बांगडी पिचली. तो आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"घेर वाढलाय," मॅडम म्हणाल्या. "फार पुढं नाही, पण जिथं असायला हवा त्या रेषेवर आलाय."

"म्हणजे?" संयुक्तानं विचारलं.

"म्हणजे आज काही ठरवायचं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायचं."

आणि असं मोजत मोजतच माघात ऋजुता जन्मली. डोकं व्यवस्थित, डोळे मोठे. भरतेशनं गल्लीत पेढे वाटले, पहिला पुडा किसनच्या दुकानात नेऊन दिला. मला वाटलं, सुटलो. ती दीड वर्षाची झाली, तरी हाकेला वळेना. भांडं पडलं तरी दचकेना. पुन्हा कोल्हापूर. मॅडम म्हणाल्या, त्या तापानं असेल, नसेलही, कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

आता ती नऊ वर्षांची आहे. दोन्ही कानांमागं यंत्रं आहेत. पाण्यापाशी आली की ती काढून माझ्या ओटीत ठेवते आणि मग हौदात उतरते, आपला छोटा खराटा घेऊन. यंत्रं काढली की मोठ्यानं बोलते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी तिला कधी हळू बोल म्हणत नाही.

पाणी मी अजून गाळते. पद्मावतीची पूजा आता शुक्रवारी दुपारी करते. सकाळी हौद, आणि त्या दिवशी एकवेळच जेवते, बिनमिठाचं. परवा ऋजुतानं विचारलं, "आजी, तू आज पोळी का नाही खात?"

तिला ओठ दिसावेत म्हणून मी तिच्यासमोर वाकले. "आज कोरडा दिवस," मी म्हणाले.

वैजंता अजून येते. आता केस पांढरे झालेत तिचे. दाराशी थांबत नाही, खडू माझ्या हातावर ठेवून पुढच्या घरी जाते. लिहिते मीच. पण त्याआधी परसात जाते, वाकून हौदाच्या तळाला चारी कोपऱ्यांत हात लावून बघते. हात कोरडा आला, की मग दाराशी येऊन लिहिते.